कुसुमच्या जेवणाची जागा

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी कुसुमची आई गेली. कुसुम, माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची होती. तेरावे झाले, आणि त्या दिवसापासून कुसुम जेवेना.

परवा मलकापूरहून कुसुमचे कार्ड आले. ती आता तिथे सासरी असते आणि तिचाच मुलगा येत्या उन्हाळ्यात चार वर्षांचा होईल. सगळ्यांची खुशाली लिहून झाल्यावर, कार्डावरची जागा संपत आलेली असताना, कडेने आडव्या ओळीत तिने विचारले आहे: ‘पुढच्या आठवड्यात खामगावला जायचे आहे. बाळाला बरोबर न्यावे लागेल. लहान मुलाला घेऊन दुपारचे जेवायला बसता येईल अशी बरी जागा तिथे कोणती? तुम्हाला माहीत असेल.’

मला माहीत आहे. खामगावात लहान मुलाला घेऊन कुठे बसता येते आणि कुठे बसता येत नाही, हे माझ्याइतके आमच्या उंद्री गावात कुणाला माहीत नसेल. ते मला कसे माहीत, हे मात्र कुसुमला आठवत नाही. दोन दिवस ते कार्ड दौतीखाली पडून आहे. मी उत्तर लिहायला बसतो आणि खिडकीबाहेर बघत राहतो.

बाहेर हंगाम आला आहे. आमच्या घरासमोरून खामगावची सडक जाते आणि सकाळपासून तिच्यावर कापसाच्या गाड्या लागतात. गाडीवर इतका कापूस लादलेला असतो की मागून पाहिले तर बैल दिसत नाहीत, गाडीवानही दिसत नाही. पांढरे घरच चालले आहे असे वाटते. कडेच्या बाभळी त्यातला थोडा थोडा काढून घेतात. पौष लागेपर्यंत त्यांच्या काट्याकाट्याला कापूस अडकलेला असतो. कुसुमच्या आईला हे पाहायला फार आवडे. बाभळीनं लुगडं घेतलं, असे ती म्हणे, आणि दरवर्षी तितक्याच नवलाने म्हणे.

ती घाटाखालची, वरवट बकालची. मी मराठी शाळेतला मास्तर. ट्रेनिंग संपवून आलो तो शुद्ध बोलायचे व्रत घेऊनच आलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि शेरेबुकात लिहून गेले की इथली मुले ‘का’ न म्हणता ‘काऊन’ म्हणतात. तो शेरा मी मनाला फार लावून घेतला. ज्याच्या तोंडून ‘काऊन’ निघेल त्याने पाटीवर दहा वेळा ‘का’ लिहायचे, असा वर्गात नियम केला. माझी स्वतःची आई जन्मभर ‘काऊन’ म्हणत आली होती, ते मी सोयीने विसरलो. घरी मात्र माझा नियम चालला नाही. ‘का, का तं कावळा करते,’ कुसुमची आई म्हणायची. ‘माणसानं काऊन म्हणावं.’ आणि चुलीपुढे बसून एकटीच हसत राहायची.

तिच्या मांडीवर कुसुम जेवायची. पहिला घास काऊचा, दुसरा चिऊचा. काऊचा घास ती खरोखरच परसातल्या भिंतीवर ठेवी, आणि तो उचलला गेला की कुसुम आपणहून तोंड उघडी. मी दुपारी शाळेत असे. हे मी क्वचितच पाहिले, आणि पाहिले तेव्हाही हातात पुस्तक होते.

तेराव्याला घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, पान ठेवले. कावळा लवकर येईना. अंगणातली माणसे वर बघत उभी होती. शेजारच्या काशीकाकूंनी कुसुमला कडेवर घेतले होते. बराच वेळ गेला. मग एक कावळा आला, पानाभोवती फिरला, आणि त्याने भाताला चोच लावली. काशीकाकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या कुसुमला म्हणाल्या, ‘पाह्य माय, काऊ आला. तुही आई जेवली.’ मग पंगत बसली. हे माझ्या डोळ्यांदेखत झाले. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. पुढे जे झाले त्याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध असेल असे मला वाटले नाही.

कुसुम दूध प्यायची. मूठभर शेंगदाणे दिले तर खायची. पण पान वाढून पुढे ठेवले की ती पानाकडे न बघता दाराकडे बघे. काशीकाकू परसातले कावळे खडे मारून हाकलत. नुकते जिथे मरण झाले त्या घरावर कावळा ओरडणे बरे नव्हे असे त्यांचे मत होते. मी तर जेवणाच्या वेळी परसदार लावूनच घेऊ लागलो. एकदा परसातल्या भिंतीवर भाकरीचे तुकडे सापडले, ओळीने मांडलेले, वाळून कडक झालेले. मी कुसुमला रागावलो. अन्न टाकू नये, असे वर्गात सांगावे तसे सांगितले. तिने टाचा उंचावून ते तुकडे एकेक करून काढले आणि माझ्या हातात आणून दिले.

मी विचारी, ‘का जेवत नाहीस?’ ती म्हणे, ‘काऊन नाही.’ निदान मला तसे ऐकू येई. माझाच प्रश्न, तोही अशुद्ध करून, ती मला परत देते आहे, असे मी समजे. आणि हे आज लिहिलेच पाहिजे: अशा वेळीही मी तिला सुधारत असे. ‘काऊन नाही म्हणू नये बाळ, का नाही म्हणावे.’ ती आज्ञाधारक होती. ‘का नाही,’ ती म्हणे, आणि पान तसेच राही.

मार्गशीर्षापर्यंत तिचे हात असे झाले की काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. तेव्हा मी तिला खामगावच्या एका वैद्यांकडे नेले. म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली, मग तिला बाहेरच्या ओट्यावर खेळायला बसवून मला म्हणाले की पोटात काही नाही. घरातली जागा तिला नको झाली आहे. औषध देत नाही. रविवारी शाळा नसते तर शहरात आणा, चार गोष्टी दाखवा, आणि जिथे तिचे मन लागेल तिथे बसवून जेवू घाला. आणखी महिनाभर अशीच राहिली तर मग मात्र मला काही सांगता येणार नाही, असेही ते म्हणाले, सावकाश, माझ्याकडे न बघता.

म्हणून त्या हंगामात दर रविवारी आम्ही दोघे चिखलीहून येणाऱ्या मोटारीत बसून घाट उतरत होतो. मोटारीत पेट्रोलचा आणि रानातल्या हिरव्या हरभऱ्याचा वास एकत्र येई. कुसुम माझ्या मांडीवर. तिचे वजन मला मांडीला कळे, म्हणजे कळत नसे, आणि त्याची भीती वाटे. उतरल्यावर मी तिला बाजार दाखवी, कापसाचे ढीग दाखवी, आणि अकरा वाजले की मनात एकच प्रश्न उभा राही. आता हिला कुठे जेवायला बसवू?

शहरात परगावच्या माणसाची जेवणाची सोय असते ती पुरुषमाणसाची. एकट्या बापाने एवढ्याशा मुलीला घेऊन कुठे जेवावे, याचा विचार कुणी केलेला नसतो. करावा तरी का? मुलांना जेवू घालणाऱ्या बायका घरी असतात.

पहिल्यांदा गेलो ती खाणावळ स्वच्छ होती, सारवलेली, अंधारी. जेवताना बोलायचे नाही असा तिथला नियम. वाढप्याने कुसुमला माझ्याएवढाच पाट मांडला, माझ्याएवढीच पत्रावळ. त्या पत्रावळीपुढे ती शेताच्या बांधावर बसल्यासारखी दिसत होती. भाजीचा घास मी आधी चाखून पाहिला तर तिखटाने डोळ्यांत पाणी आले. साधे वरण मागितले, ते मिळाले. पण ती वर आढ्याकडे बघत बसली. निघताना मालक हात जोडून म्हणाले की इथं बाप्यांची पंगत असते मास्तर, लेकराचं मन लागाचं नाई. त्यांनी कुसुमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो तिने मोटारीत चोखून चोखून संपवला. त्या खड्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

दुसरे एक चहाचे हॉटेल, कापूस बाजाराजवळ. तिथे टेबले आणि बाके. बाकावर बसवले तर कुसुमचे नाकच टेबलाला लागे. शेजारी एक जाडजूड व्यापारी चहा पीत होते. त्यांनी न विचारता आपली अंथरुणाची वळकटी उचलली, बाकावर ठेवली आणि तिला वर बसवले. ‘घ्या राणीसाहेब,’ ते म्हणाले, ‘आता सांगा, आमच्या गावचे पोहे काऊन चालत नाई?’ कुसुम त्या वळकटीवर ताठ बसली, सगळ्यांकडे बघून घेतले, टेबलाखालीही वाकून बघितले, आणि पोह्यांना हात लावला नाही. गृहस्थांची मोटार लागली होती. तरी ते वळकटीसाठी ताटकळत बाजूला उभे राहिले.

तिसऱ्या खेपेला मात्र ती जेवली. त्या दिवशी मी काशीकाकूंकडून भाकरी बांधून आणली होती आणि आम्ही स्टेशनावर, फलाटाच्या उघड्या टोकाला, बाकावर बसलो होतो. जलंबहून गाडी आली. इंजिन धापा टाकत समोर उभे राहिले. मी दोन घटका इंजिनाकडे पाहिले आणि मान वळवली तर कुसुम अर्धी भाकरी खाऊन बसली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या इंजिन ड्रायव्हरला नमस्कार केला. तो गोंधळून गेला, पण त्यानेही केला.

म्हणजे हिला इंजिन आवडते! पुढचा सारा आठवडा मी वर्गात आगगाडीवर धडे घेतले. रविवारी वेळेवर स्टेशनावर गेलो. तिथल्या स्टेशनमास्तरांना आमची हकिगत हमालाकडून कळली होती. त्यांनी आम्हाला उन्हातून उठवले, आपल्या खोलीत नेले, खिडकीशी खुर्ची ठेवली, पाणी दिले. खिडकीतून इंजिन उत्तम दिसत होते. कुसुम जेवली नाही. ती इंजिनाकडे बघतही नव्हती. खोलीच्या छताकडे बघत होती. ‘का जेवत नाहीस बाळ?’ ‘काऊन नाही.’ माझ्या डोळ्यांसमोर वैद्यांचा महिना उभा राहिला. स्टेशनमास्तर भले गृहस्थ, ते दुसरीकडे तोंड फिरवून तिकिटे मोजू लागले.

त्या दिवशी मी तिला उचलून नुसता चालत सुटलो. चालता चालता कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनच्या मागे आलो. हंगामात जिनला रविवार नसे. आत यंत्रांचा धडधडाट, बाहेर हवेत तरंगणारे तंतू. माणसांच्या भुवया, बैलांच्या पापण्या, सगळे पांढरे. मागच्या आवारात एक मोठा कडुलिंब होता आणि त्याच्याखाली जिनमधल्या बायका आणि गाडीवान भाकरी खायला बसले होते. चुलीशी बसून एक बाई भाकरी थापत होती. पन्नाशीची असावी, हातभर काचेच्या बांगड्या, आणि मांडीशी वेळूची काठी. कुणाच्या भाकरीवर झडप पडण्याआधी त्या काठीने ती कावळे हाकलत होती. गोदाबाई. नाव पुढे कळले.

मी तिथे एरवी बसलो नसतो. उंद्रीत कळले असते तर चार लोकांनी विचारले असते की मास्तर, कोणाच्या पंगतीला बसलात. पण आणखी चालवत नव्हते. मी मुलीला घेऊन खाली बसलो. गोदाबाईंनी काही विचारले नाही. एका लहान पितळीत गरम भाकर कुस्करली, वर दही घातले, आणि कुसुमपुढे ठेवली. तिखटाचा गंध नाही. तेवढ्या पंगतीत कुणी न सांगता लहान मुलाचे वेगळे ताट केलेले मी त्या हंगामात पहिल्यांदा पाहिले.

कुसुम लिंबाकडे बघत राहिली.

‘जेवत काऊन नाई वं, माय?’ गोदाबाईंनी विचारले.

कुसुमने उत्तर दिले. मी थकून म्हणालो की सगळीकडे हेच आहे बाई, विचारले की प्रश्नच परत करते, काऊन नाही म्हणते.

गोदाबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी वेडा की काय, असे त्यांना वाटले असावे. ‘काऊन’ विचारले तर ‘काऊन नाही’ असे उत्तर कोणी देत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांची ती रोजची भाषा होती. मला मात्र ‘काऊन’ एवढेच ऐकू येत होते, कारण मी वर्षानुवर्षे तेवढेच पकडायला बसलो होतो.

‘मास्तर,’ त्या म्हणाल्या, ‘ते काऊन नाई म्हणत नाई. काऊ नाई म्हणून राह्यली.’

काऊ नाही. कावळा नाही. म्हणजे आई जेवली नाही. आई जेवल्याशिवाय हिने कसे जेवायचे?

सारे एकदमच समजले. धाबे, काशीकाकू, परसदाराची कडी, भिंतीवरचे तुकडे. ते तुकडे मी तिच्या हातून परत घेतले होते. आणि फलाटाच्या उघड्या टोकाला, मी इंजिन बघत असताना, कावळा येऊन गेला असणार. मी गोदाबाईंना काय सांगितले ते आता शब्दशः आठवत नाही, दोनतीन वाक्ये असतील. त्यांनी हातातली काठी चुलीमागे ठेवून दिली. थोड्या अंतरावर एक सपाट दगड होता, त्यावर दहीभाताएवढा मऊ कुस्करा ठेवला, आणि सगळ्यांना हाताने खूण केली. बायका गप्प झाल्या. एका गाडीवानाने तोंडातला घास चावायचा थांबवला. आत यंत्र चालूच होते, पण मला ते ऐकू येत नव्हते.

कावळा उतरला. दोन उड्या मारल्या. मान तिरकी करून सगळ्या पंगतीकडे पाहिले आणि घास उचलून लिंबात गेला.

‘आई जेवली,’ कुसुम म्हणाली.

‘हाव, जेवली,’ गोदाबाई म्हणाल्या. ‘आता तुहा घास.’

कुसुमने पितळी स्वतःकडे ओढली. ती पुसून होईपर्यंत मी जिनच्या भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. मागून एक बाई दुसरीला म्हणत होती की पाव्हण्यानं टाइम लावला, पण आला.

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही लिंबाखाली जेवलो. आणि उंद्रीत मी परसदार उघडले. काशीकाकूंना सांगितले, तेव्हा त्या उंबऱ्यावर बसून पदर तोंडात धरून रडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच भिंतीवर घास ठेवू लागल्या. कुसुमच्या बांगड्या मनगटाकडे परत येऊ लागल्या. लिंबाखाली कावळ्याचे नाव ‘पाव्हणा’ पडले. एक गाडीवान दर वेळी तक्रार करी की आमच्या भाकरीवर बसला तं काठी, अन् त्याच कावळ्याले दगडावर पाहुणचार. त्यावर गोदाबाई म्हणत, ‘तो घास घेऊन उडून जाते. तू तं उठतच नाईस.’ एकदा हे ऐकून कुसुम हसली, आणि तिच्या हसण्याचा सूर मला चुलीपुढून येणाऱ्या जुन्या हसण्यासारखा वाटला.

फाल्गुनात गाड्या कमी झाल्या. जिनच्या आवारातली सरकी उपसली जात होती आणि लिंबाला मोहोर आला होता. असाच एक रविवार. गोदाबाईंनी पितळी ठेवली, दगडावर घास ठेवायला त्या उठल्या, आणि तेवढ्यात कुसुमने जेवायला सुरुवात केली. कावळा आला नव्हता. तिने वर पाहिलेही नाही. शेजारच्या बाईच्या मुलीशी ती चिंचोक्यांबद्दल काहीतरी बोलत होती.

याच दिवसासाठी मी महिनोन्महिने धडपडत होतो. पण मला आनंद झाला नाही. कुसुमची आई दुसऱ्यांदा गेली असे मला वाटले. गोदाबाईंनी माझे तोंड पाहिले असावे. त्या दगडाशी घास हातात घेऊन उभ्या होत्या.

‘लेकरानं इसरलंच पाह्यजे, मास्तर,’ त्या हळू म्हणाल्या. ‘तिले मोठं व्हाचं हाये. ध्यानात ठेवाले तुमी हाये ना.’

आणि हातातला घास त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो दगडावर ठेवला.

त्या गोष्टीला वीस वर्षे होत आली. कुसुमला त्यातले काही आठवत नाही. फार तर कापसाचा वास आला की कुणीतरी आपल्याला दही देत होते असे वाटते, असे ती एकदा म्हणाली होती. मी तिला सांगितले नाही. गुळाचा खडा, वळकटी, स्टेशनातली खुर्ची, लिंबाखालची पितळी: माझ्या मुलीला जेवू घालू पाहणारी इतकी माणसे मला एका हंगामात भेटली, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावेसुद्धा मी विचारली नाहीत. पाटीवर ‘का’ लिहवून घेणे त्याच वर्षी बंद केले. पुढच्या तपासणीला पुन्हा तोच शेरा मिळाला. मी त्याखाली सही केली.

आज कार्डाचे उत्तर लिहिले. जिनच्या मागे लिंबाखाली बसावे. गोदाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. आता त्यांची सून भाकरी थापते, ती बाळासाठी वेगळे करून देईल. बसण्यापूर्वी पलीकडच्या सपाट दगडावर एक घास ठेवावा. काऊन, ते लिहिले नाही. कार्डावर जागा नव्हती.

लिंब आहे. दगड आहे. उंद्रीच्या घरात मी एकटा आहे. दुपारी परसदार उघडतो, पहिला घास भिंतीवर ठेवतो, आणि जेवायला बसतो.